डॉक्टरांच्या निष्काळजीपणाविरुद्ध दाद कशी मागायची: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि समक्ष भेटीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण एकतर दशक्रियेच्या आधीच येतात, नाहीतर सगळं होऊन दोन-तीन वर्षं उलटल्यावर. पहिल्यांना काय करावं सुचत नसतं आणि दुसऱ्यांच्या हातून मुदत निसटलेली असते. अशी प्रकरणं पहिल्या काही दिवसांत जमवलेल्या कागदांवर उभी राहतात. म्हणून एकच उत्तर वाचायला सवड असेल तर प्रश्न ३ वाचा.

१. उपचारानंतर माणूस गेला किंवा त्रास वाढला, म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणा झालाच ना?

नाही. दुःखात असलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण सुरुवात इथूनच करावी लागते. डॉक्टर बरं करण्याची हमी देत नाहीत. आपल्या शाखेचं ज्ञान आणि वाजवी काळजी वापरण्याची जबाबदारी ते घेतात. सगळं वेळेवर आणि नीट करूनही बाळंतीण रक्तस्रावाने दगावू शकते, ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो. दोन चांगले डॉक्टर एकाच आजारावर दोन वेगळे उपचार सुचवू शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) हेच स्पष्ट केलं आहे.

२. मग निष्काळजीपणा म्हणायचं तरी कशाला?

तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. डॉक्टरांनी किंवा दवाखान्याने रुग्णाची जबाबदारी घेतली होती. त्या जागी त्या शाखेचा साधारण सक्षम डॉक्टर जे करील ते त्यांनी केलं नाही, किंवा जे कधीच करणार नाही ते केलं. आणि त्यामुळेच नुकसान झालं.

बहुतेक तक्रारी तिसऱ्या मुद्द्यावर अडखळतात. समजा, डॉक्टर रात्री यायला दोन तास उशीर करतात, पण ते वेळेवर आले असते तरी रुग्ण वाचला नसता असं वैद्यकीय मत पडलं, तर उशीर सिद्ध होऊनही भरपाई कमी होते किंवा मिळत नाही.

काही वेळा मात्र चूक स्वतःच बोलते. पोटात कापड राहिलं, उजव्याऐवजी डाव्या पायावर शस्त्रक्रिया झाली, रक्तगट न जुळणारं रक्त चढवलं, ॲलर्जी केसपेपरवर लिहिलेली असताना तेच इंजेक्शन दिलं. अशा ठिकाणी हे कसं घडलं याचा खुलासा दवाखान्यालाच करावा लागतो.

३. आत्ता, सगळ्यात आधी काय करू?

उपचारांच्या पूर्ण कागदपत्रांसाठी आजच लेखी अर्ज द्या. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नसतं, ते शेवटी लिहिलेलं सार असतं. तुम्हाला आतली पूर्ण फाईल हवी: भरतीच्या वेळची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधं दिल्याचा तक्ता, संमतीपत्रं, शस्त्रक्रियेची आणि भुलीची टिपणं, सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, रेफर केल्याची चिठ्ठी. अर्जात हे सगळं नावानिशी लिहा. दोन प्रती काढा आणि एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर एडीने पाठवा.

नर्सिंग चार्टवर माझा इतका भर का, ते सांगते. सिझेरियननंतर दगावलेल्या बाईची फाईल असेल तर मी आधी नाडी-बीपीचा तक्ता उघडते. रात्री साडेअकराला बीपी ११०/७०, मग थेट पहाटे चारला ६०/४०, आणि मधले साडेचार तास एकही नोंद नाही. किंवा नोंदी आहेत, पण सगळ्या एकाच पेनाने, एकाच हाताच्या, दर तासाला नेमकी ११०/७०. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘अचानक प्रकृती खालावली’ एवढंच असतं. त्या रात्री काय झालं ते तक्ता सांगतो.

घरातल्या वस्तूही जपा. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनं, मेडिकलची बिलं, फोन-पे, गुगल-पेच्या नोंदी, डॉक्टरांशी झालेल्या बोलण्याचे मेसेज यातलं काही टाकू नका. सोबत थांबलेल्या माणसाने त्याच आठवड्यात एका वहीत तारीख-वेळ घालून सगळं लिहून काढावं: किती वाजता सिस्टरला हाक मारली, कोण आलं, काय म्हणालं. सहा महिन्यांनी हे कुणालाच धड आठवत नाही.

४. दवाखाना फाईल देत नाही. ‘साहेब बाहेरगावी गेलेत’, ‘फाईल विम्याला पाठवली’ म्हणतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळणंही बंधनकारक आहे. न देणं हा गैरवर्तनाचा वेगळा मुद्दा होतो आणि त्यासाठी वैद्यक परिषदेकडे जाता येतं (प्रश्न १५). झेरॉक्सचा वाजवी खर्च ते मागू शकतात. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवू शकत नाहीत.

सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारातही अर्ज करा. आणि दवाखान्याने कागद दिलेच नाहीत म्हणून हात टेकू नका. ग्राहक आयोग ते हजर करायला लावू शकतो, आणि दडवले तर त्याचा अर्थ आयोग दवाखान्याच्या विरुद्ध काढू शकतो.

५. पोस्टमार्टेम करावं का? घरचे म्हणतात, देहाची विटंबना नको.

मृत्यूचं कारणच वादात असेल तर करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांची भावना मला कळते. पण अग्निसंस्कार झाल्यावर ते कारण शोधायचा मार्ग कायमचा बंद होतो, आणि दोन वर्षांनी आयोगासमोर दवाखान्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की शंका होती तर शवविच्छेदन का केलं नाही?

त्यासाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा करतात आणि देह सरकारी रुग्णालयात पाठवतात. एकाहून अधिक डॉक्टरांचं पथक असावं, चित्रीकरण व्हावं, अशी विनंती त्याच अर्जात करा. औषधाच्या मात्रेचा किंवा चुकीच्या इंजेक्शनचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे त्यासाठी लांब जावं लागत नाही.

पोस्टमार्टेम झालेलं नसलं म्हणून तक्रार बाद होत नाही. कागद बोलके असतील तर त्यांवरही निकाल लागतात. काम अवघड होतं, एवढंच.

६. दाद मागायची कुठे? कुणी म्हणतं ग्राहक मंच, कुणी म्हणतं पोलीस.

भरपाई हवी असेल आणि उपचार पैसे देऊन घेतले असतील तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक अजून त्याला मंचच म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी तो आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे.

उपचार मोफत असतील तर दिवाणी न्यायालय किंवा, मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर, उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. खान्देशचे तिन्ही जिल्हे त्याच्याच अखत्यारीत येतात (प्रश्न १०). डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर वैद्यक परिषद (प्रश्न १५). शिक्षा व्हावी असं वाटत असेल तर फौजदारी (प्रश्न १४).

आयोग, परिषद आणि पोलीस हे तिन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. मात्र तिन्हीकडे हकीकत एकच हवी. पोलिसांत ‘डॉक्टर आलेच नाहीत’ आणि आयोगात ‘डॉक्टर उशिरा आले’ असं लिहून दिलेल्या चांगल्या तक्रारीसुद्धा कोसळतात.

७. आयोगात खर्च किती येतो? वकील लागतोच का?

फी उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादाही उपचाराच्या रकमेवरच, म्हणजे ५० लाखांपर्यंत. बिल ८० हजारांचं असेल तर भरपाई ६० लाखांची मागितली तरी तक्रार जिल्ह्यातच दाखल होते.

वकील सक्तीचा नाही. तक्रार स्वतः लिहून देता येते, ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते, आणि साध्या माहितीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. तरीही टीव्ही दुरुस्तीची तक्रार आणि ही तक्रार यांत फरक आहे. समोर डॉक्टरांच्या विमा कंपनीचा वकील असतो आणि वाद वैद्यकीय असतो, म्हणून मी वकील घ्याच म्हणते.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, हेल्पलाइन १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही. कुणाला सांगता येईल त्याने सांगावी.

८. किती दिवसांत तक्रार करायची?

घटनेपासून २ वर्षांत. उशिराला सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘माहीत नव्हतं’ हे सहसा सबळ कारण धरलं जात नाही.

अवघड भाग पुढे आहे. चूक नंतर उघड झाली तर मुदत कधीपासून? साधारणपणे ती कळली, किंवा सावध माणसाला कळायला हवी होती, तेव्हापासून. या ‘कळायला हवी होती’वर २०१० मध्ये मुंबईचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात फसलं. १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज सुमारे ९ वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघाला. पण तक्रारदार बाई स्वतः परिचारिका होत्या, पोटदुखी सुरुवातीपासून होती आणि इतकी वर्षं त्या मूळ डॉक्टरांकडे फिरकल्या नव्हत्या, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. ऑपरेशननंतर दुखणं थांबत नसेल तर गोळ्या खाऊन दिवस काढू नका. दाखवा, आणि दाखवल्याचा कागद ठेवा.

दिवाणी दाव्याची मुदत वेगळ्या कायद्याने ठरते. ती इथल्या उत्तरावरून मोजू नका.

९. आम्ही नवापूरचे. ऑपरेशन सुरतला झालं. केससाठी सुरतला खेटे घालायचे का?

नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तुमची नंदुरबारला चालेल. रावेरचे लोक बऱ्हाणपूर-इंदूरला जातात, चाळीसगावचे नाशिक-संभाजीनगरला. त्यांनाही हेच लागू. राहत्या पत्त्याचा पुरावा जोडा. गुजरातीत लिहिलेले कागद असतील तर त्यांचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्या. मात्र वैद्यक परिषदेची तक्रार डॉक्टरांची नोंदणी ज्या राज्यात आहे तिथेच करावी लागते.

१०. सिव्हिलमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात फुकट उपचार झाले. आम्हाला काहीच हक्क नाही का?

हक्क आहे, दरवाजा वेगळा आहे. जिथे प्रत्येकालाच मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, आणि नाममात्र केसपेपर फीने त्यात फरक पडत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यभर उपचार मोफतच आहेत. याउलट जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना सवलत देतात, तिथला मोफत रुग्णसुद्धा ग्राहक ठरतो. धर्मादाय रुग्णालयातल्या गरीब खाटेवरच्या माणसाला याचा आधार आहे.

पूर्ण मोफत रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा शासनावर करायचा. त्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. शासन जबाबदार असतं, हे आपल्या शेजारच्याच प्रकरणात ठरलेलं आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शासनाला जबाबदार धरून ३६,००० रुपयांचा मूळ हुकूमनामा कायम केला. रक्कम आणि त्यात गेलेली तीन दशकं वाचून मन विषण्ण होतं. पण ‘सरकारी आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हाच निकाल दाखवते.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य उपसंचालक यांच्याकडे लेखी तक्रारही करा. तिच्यातून चौकशी अहवाल निघतो आणि तो पुढे माहितीच्या अधिकारात मागता येतो.

११. खासगी दवाखान्यात, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. आम्ही एक रुपयाही दिला नाही.

तरी आयोगात जाता येतं असं माझं मत आहे. पैसे तुम्ही नाही तर योजनेने दिले, आणि शांता निकालात विमा किंवा मालकाने खर्च उचलला तरी रुग्ण ग्राहकच धरला आहे. समोरचा वकील हा आक्षेप घेणारच, म्हणून योजनेचं मंजुरीपत्र सांभाळा. मंजूर उपचारासाठी योजनेतल्या रुग्णालयाने वरून पैसे घेतले असतील तर ती आणखी वेगळी तक्रार आहे.

१२. भरती करताना दहा ठिकाणी सह्या घेतल्या. आता काय उपयोग?

सही म्हणजे निष्काळजीपणाला माफी नव्हे. ‘काही झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत’ असं छापील वाक्य असलं तरी त्याने डॉक्टरांचं कर्तव्य संपत नाही.

उलट संमतीपत्रच बऱ्याचदा तुमच्या बाजूचा पुरावा ठरतं. समीरा कोहली निकालात (२००८) न्यायालयाने सांगितलं की आजार काय, उपचार काय, धोके कोणते आणि पर्याय कोणते हे रुग्णाला समजेल असं सांगूनच संमती घ्यायची. तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी वापरता येत नाही, जिवावरचा तातडीचा प्रसंग सोडून. तेव्हा फॉर्म नीट पाहा. रकाने कोरे आहेत का? शस्त्रक्रियेचं नाव नंतर वेगळ्या शाईत भरलंय का? रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असताना सही भलत्याच नातेवाइकाची आहे का? फक्त अहिराणी, पावरी किंवा भिली समजणाऱ्या माणसाचा अंगठा इंग्रजी फॉर्मवर घेतला असेल तर तेही तक्रारीत ठळक लिहा.

१३. दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतंच का? इथे एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही.

प्रत्येक प्रकरणात लागत नाही. व्ही. किशन राव निकालात (२०१०) मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. उघड चुकांसाठी तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तिथे म्हटलं. प्रश्न २ मधली उदाहरणं याच जातीची.

गुंतागुंतीच्या प्रकरणात मात्र मत हवंच. तालुक्याच्या गावी सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, रोज एकमेकांकडे रुग्ण पाठवतात. लिहून देणं त्यांना जड जातं हे खरं आहे. त्यावर उपाय आहेत. पुण्या-मुंबईच्या किंवा निवृत्त प्राध्यापक डॉक्टरांना फक्त फाईल पाठवून मत घ्या, रुग्णाला न्यावं लागत नाही. नंतर ज्यांनी उपचार केले त्यांच्या नोंदी वाचा. ते कुणाला दोष देणार नाहीत, पण ‘आधीच्या शस्त्रक्रियेत आतड्याला छिद्र’ असं निदान लिहून गेलेले असतात. आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवावं असा अर्ज आयोगाकडेच करा.

१४. पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. म्हणतात, सिव्हिलचा अहवाल आणा.

यात पोलिसांची टाळाटाळ असतेच असं नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य दर्जाचा असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या त्याच शाखेच्या तज्ज्ञांचं मत घ्यावं, असं जेकब मॅथ्यू निकालानेच सांगितलंय. ललिता कुमारी निकालानेही (२०१३) अशा प्रकरणात प्राथमिक चौकशीला मुभा दिली आहे. डॉक्टरांना लगेच अटक होत नाही, त्याचंही कारण हेच.

तुम्ही अर्जाची पोच घ्या, आणि अहवाल कधी मागवला, कुणाकडे मागवला हे लेखी विचारत राहा. पुढे काहीच हाललं नाही तर पोलीस अधीक्षक आणि मग न्यायदंडाधिकारी. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी शिक्षा २ वर्षांपर्यंत आणि दंड. त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ. फौजदारीत भरपाईची आशा धरू नका, आणि तिच्या निकालाची वाट पाहत प्रश्न ८ मधली दोन वर्षं घालवू नका.

१५. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर काय होतं?

महाराष्ट्र वैद्यक परिषद मुंबईला आहे. ती ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ किंवा कायमची काढू शकते. पैसे मिळवून देऊ शकत नाही. दंतवैद्य, होमिओपॅथ आणि आयुर्वेद-युनानी डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. भलतीकडे अर्ज गेला की महिने वाया जातात.

१६. डॉक्टर बीएएमएस निघाले आणि सलाईन, ॲलोपॅथीची औषधं देत होते. एवढ्यावर केस होते का?

एवढ्यावरच नाही. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या नोंदणीकृत डॉक्टरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरायला राज्य शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेचा आधार आहे. मर्यादेबाहेर गेले का, तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर केला का, हे बघावं लागतं. होमिओपॅथीच्या बाबतीत पूनम वर्मा निकाल (१९९६) कडक आहे. जी पद्धत शिकलेच नाही तिचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा. औषधशास्त्राचा जोडअभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांचा प्रश्न वादात आहे, तो तक्रारीच्या दिवशीच्या स्थितीप्रमाणे वकिलाकडून तपासून घ्या.

कसलीच पदवी नसलेला बोगस डॉक्टर असेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस. तिथे प्रश्न १४ मधलं संरक्षण लागू होत नाही, कारण ते डॉक्टरांसाठी आहे.

१७. ऑपरेशन बाहेरून आलेल्या सर्जनने केलं. दवाखाना म्हणतो, ते आमचे नोकर नाहीत.

हा बचाव चालत नाही. सविता गर्ग निकालाप्रमाणे (२००४) रुग्ण रुग्णालयाकडे जातो. तिथे काम करणारा डॉक्टर पगारी आहे की बाहेरून बोलावलेला, याच्याशी रुग्णाचा संबंध नाही. सर्जनचं नावही माहीत नसेल तरी रुग्णालयाविरुद्धची तक्रार चालते. नाव माहीत असेल तर दोघांनाही सामील करा. भूलतज्ज्ञांचं नाव फॉर्मवर नसणं ही तर मोठी खूण आहे. भूल नेमकी दिली कुणी, ते लेखी विचारा.

१८. आधी शहाद्याला, मग नंदुरबारला, मग सुरतला नेलं. तिथे ते वारले. केस कुणावर?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याला सरधोपट उत्तर नाही. शेवटच्या दवाखान्यावर राग असतो, कारण तिथे बिल मोठं झालं आणि तिथूनच देह आणला. चूक मात्र बऱ्याचदा पहिल्या ठिकाणी झालेली असते: ओळखण्यात उशीर, पाठवण्यात उशीर, किंवा ऑक्सिजन आणि डॉक्टर सोबत न देता साध्या गाडीत बसवून देणं.

तिन्ही ठिकाणचे कागद घ्या आणि एकाच कागदावर वेळा मांडा. किती वाजता पोहोचलो, त्या वेळी बीपी किती, ऑक्सिजन किती, शुद्ध होती का, किती वाजता निघालो. पुढच्या दवाखान्यातली भरतीच्या क्षणाची नोंद म्हणजे मागच्या दवाखान्याने रुग्ण कोणत्या अवस्थेत सोडला त्याचा पुरावा. १०८ ने नेलं असेल तर त्यांच्याकडेही नोंद असते. हा कागद तयार झाल्यावरच प्रतिवादी ठरवा. सगळ्यांना सरसकट गोवलं तर ज्यांनी खरोखर धडपड केली ते डॉक्टरही तुमच्या विरुद्ध उभे राहतात, आणि तुमचा सर्वांत चांगला साक्षीदार जातो.

१९. नसबंदी करूनही दिवस गेले. ही चूक नाही का?

केवळ तेवढ्यावर नाही. नसबंदी नीट होऊनही क्वचित निकामी होते, हे सर्वोच्च न्यायालयाने शिवराम निकालात (२००५) मान्य केलंय. शस्त्रक्रियाच अर्धवट झाली असेल तर प्रश्न वेगळा. पण भांडण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजनेचा दावा करा. तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही. दिवस गेल्याचं कळताच अर्ज द्या, उशीर नको.

२०. भरपाई किती मिळते? शेतकऱ्याचं उत्पन्न दाखवायचं कसं?

ठरावीक दर नाही. उपचाराचा आणि पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेलं उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, अपंगत्व, वेदना आणि खटल्याचा खर्च असं धरलं जातं. कोलकात्याच्या कुणाल साहा प्रकरणात २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपये देववले गेले. ती बातमी वाचून लोक आकडा ठरवतात. तिथे मृत स्त्री अमेरिकेत राहणारी उच्चशिक्षित होती आणि लढा १५ वर्षं चालला होता, हे लक्षात घ्या.

शेतकऱ्यासाठी नुसता सातबारा पुरत नाही. सातबारावर जमीन दिसते, त्या माणसाची कमाई दिसत नाही. केळीची व्यापाऱ्याची बिलं, जिनिंगच्या कापूसपट्ट्या, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, पीककर्जाचं खातं, दूध संघाचं पासबुक गोळा करा. माणूस गेल्यावर शेत बटाईने द्यावं लागलं असेल तर तेही सांगा, कारण त्याच्या कष्टाची किंमत त्यातून दिसते. घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईचं उत्पन्न ‘शून्य’ लिहू नका. तिच्या कामाची किंमत न्यायालयं धरतात.

२१. डॉक्टरांनी मध्यस्थ पाठवलाय. स्टॅम्पवर लिहून द्या, पैसे घ्या म्हणतात.

तडजोड करण्यात गैर काही नाही, पण पंधरवडा उलटायच्या आत करू नका, आणि फाईल हाती येण्याआधी तर नाहीच. ‘सर्व तक्रारी मिटल्या, पुढे दावा करणार नाही’ हे एक वाक्य पुढचा रस्ता जवळपास बंद करतं. रक्कम बँकेतूनच घ्या. जखमी लहान मूल असेल तर त्याच्या वतीने आईबापांनी परस्पर केलेली तडजोड पुढे टिकेलच असं नाही.

आणखी एक. ग्राहक आयोग इतर वाद मध्यस्थीला पाठवतो, पण मृत्यू किंवा गंभीर इजा झालेलं वैद्यकीय प्रकरण नियमानेच मध्यस्थीतून वगळलं आहे. ‘कोर्टच मिटवायला सांगणार आहे’ असं कुणी घाबरवलं तर विश्वास ठेवू नका.

२२. बिल भरल्याशिवाय देह देत नाहीत.

बिलाची थकबाकी हा वसुलीचा प्रश्न आहे. त्यासाठी माणूस किंवा देह अडवता येत नाही. पोलिसांना ११२ वर फोन करा. महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी हे शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली दाद घेतात. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. नसेल तर फोटो काढा.

२३. गावातली पोरं चिडली आणि काचा फुटल्या. आता?

आता तुमच्यावर गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने दवाखान्यावरचा हल्ला अजामीनपात्र आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्याहून वाईट म्हणजे फाईल ‘त्या गोंधळात गहाळ झाली’ म्हणायला दवाखान्याला आयतं कारण मिळतं. तुमची मूळ तक्रार त्यामुळे रद्द होत नाही. ती स्वतंत्रपणे चालवा. डॉक्टरांच्या नावाने स्टेटस आणि रील टाकणंही थांबवा. ते बदनामीच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

२४. आम्हीच ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून रुग्ण हलवला होता.

सुट्टी घेण्याआधीच्या चुकीला ती सही झाकत नाही. नंतरच्या नुकसानीत तुमचा वाटा किती, एवढाच वाद उरतो. का हलवलं ते लिहा: डॉक्टर उपलब्ध नव्हते, पैसे संपले, की त्यांनीच ‘इथे सोय नाही’ म्हणून सही करायला लावली? शेवटचं कारण असेल तर तो रेफर होता, स्वेच्छेची सुट्टी नव्हती, आणि त्या वेळचे साक्षीदार महत्त्वाचे.

२५. निकाल आमच्या बाजूने लागला, पण पैसे मिळत नाहीत.

समोरच्याला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. निकाल तुमच्या विरुद्ध गेला असेल तर तेच ४५ दिवस तुम्हालाही आहेत. आदेशाची प्रत हाती पडली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा. तक्रारदार मधेच वारला तरी प्रकरण संपत नाही. वारसांनी आपली नावं लावून घ्यायची, आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसांची यादी पुढच्याच तारखेला दाखल करायची.